सगळ्या काकू सारख्याच

ताथवड्याला राहायला आलो तेव्हा माझी कादंबरी निम्मी लिहून झाली होती. चिंचवडला एका कंपनीत अकाउंट्सची नोकरी करायची आणि सुट्टीच्या दिवशी लिहायचं, असं माझं बरीच वर्षं चाललं आहे. दिवाळी अंकांत कथा येत होत्या, कादंबरी मात्र ही पहिलीच. तिची नायिका इथे इंजिनिअरिंग शिकायला आलेली केनियाची मुलगी होती. थेरगावला असताना डांगे चौकात मी तशी एक मुलगी पाहिली होती. दोन माणसं तिला न विचारता तिच्या शेजारी उभी राहून सेल्फी काढत होती आणि ती शांतपणे वांगी निवडत होती. तो चेहरा माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसले.

आणि आता नव्या सोसायटीत, आमच्या खालच्याच मजल्यावर, केनियाची एक खरीखुरी मुलगी राहत होती. लिफ्टमध्ये तिची गाठ पडली तेव्हा मला राहवलंच नाही. नाव विचारायच्या आधी मी सांगून टाकलं, की मी तुझ्यासारख्या मुलीवर पुस्तक लिहितेय. तिने माझ्याकडे नीट बघून घेतलं. मग म्हणाली, "मग वाचून दाखवा ना, काकू."

ती हिंदी आणि इंग्रजी मिसळून बोलायची, मधेच मराठी शब्द टाकायची. रविवारी दुपारी ती आली. मी चहा केला आणि एकेक परिच्छेद तिला हिंदीत सांगत वाचायला लागले. नायिकेचं नाव आलं आणि तिने कप खाली ठेवला.

"ही मुलगी आहे ना?"

"हो. तुमच्याच भागातली. मोठ्या तळ्याकाठची."

"आमच्यात ओ वरून नाव असतं ते मुलाचं, काकू. मुलींची नावं अ वरून. हे तर माझ्या मामाचं नाव आहे."

ती इतकी हसली की मलाही हसू आवरेना. मी लगेच पेनने ओ खोडून अ केला. पुढे वाचलं. नायिकेला घरमालक खोली नाकारतो, ती रडते. बसमध्ये लोक टक लावून बघतात, ती रडते. रात्री आईची आठवण येते, तेव्हाही रडते. इथे तिने मला हाताने थांबवलं.

"लोक बघतात, हे खरं आहे," ती म्हणाली. "खोली मलाही तीन ठिकाणी नाही मिळाली. पण ही मुलगी रडण्याशिवाय काही करते का? हिला कोणी आवडत नाही? कुणाचा राग येत नाही? आणि हिचा रंग तुम्ही चार वेळा सांगितलात. बाकी कुणाला रंगच नाही या पुस्तकात."

मी पानं उलटून पाहिली. खरंच, घरमालक कसा दिसतो हे मी कुठेच लिहिलं नव्हतं. तो नुसता घरमालक होता.

"बरं, तू सांग," मी म्हटलं. "आम्ही कसे दिसतो तुला?"

"खरं सांगू?"

"सांग की."

"पहिले काही महिने मला सगळ्या काकू सारख्याच दिसायच्या. सकाळी लिफ्टमध्ये तिघी असायच्या. तिघींच्या अंगात गाऊन, गाऊनवर ओढणी, हातात दुधाची पिशवी. मी रोज चुकीच्या काकूला विचारायचे, तुमच्या गुडघ्याचं कसं आहे म्हणून. आणि एक काकू मला भेटल्या की विचारायच्या, जेवलीस का? मला वाटलं, बोलावतायत. मी नाही म्हणाले आणि त्यांच्या मागोमाग घरापर्यंत गेले. दाराशी उभी राहिले. मग त्यांनी बिचाऱ्यांनी पोळी-भाजी वाढली."

मीही तिला त्या तिघींसारखीच दिसले असणार, हे माझ्या लक्षात आलं. पण वाईट वाटायला सवडच नव्हती. आजवर मी त्या मुलीकडे बघत होते. ती आमच्याकडे बघतेय, असं लिहायचं मला सुचलंच नव्हतं. ती गेल्यावर मी कप तसेच टेबलावर ठेवून लिहायला बसले. तोच डांगे चौक, तीच भाजीची गाडी, पण आता ती वांगी निवडता निवडता सेल्फीवाल्यांना न्याहाळत होती. एकाच्या शर्टाचं बटण तुटलेलं होतं. दुसरा पोट आत ओढून उभा होता. मी इतकी वर्षं त्या चौकात भाजी घेतली, पण तो मला असा कधी दिसला नव्हता. लिहिता लिहिता मी एकटीच हसत होते. नवऱ्याने दोनदा डोकावून पाहिलं आणि शेवटी स्वतःच भात लावला.

अर्धी कादंबरी मी बाजूला ठेवली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. नवी नायिका भांडायची, कॅरममध्ये रडीचा डाव खेळायची. खोली मिळावी म्हणून ती घरमालकिणीला सांगते, मी शुद्ध शाकाहारी आहे, आणि तिसऱ्याच दिवशी खिडक्या लावून मासे तळते. हे प्रकरण झाल्यावर मी ते वाचून दाखवायला खाली गेले. तिथे तिच्या दोन मैत्रिणी आल्या होत्या. एक जण तिच्या बारीक वेण्या घालत होती. हे काम दिवसभर चालतं, असं मला सांगण्यात आलं. मग मी आरामात जमिनीवर बसून वाचलं.

वेण्या घालणारीचा हात थांबला. "ही खोटं का बोलते? मी नसते बोलले."

"तू पण बोलली होतीस," दुसरी म्हणाली.

"मी अंड्याबद्दल बोलले होते. मासे वेगळे."

"वास लपत नाही, एवढंच वेगळं."

मग त्यांचं जे जुंपलं! अर्धं त्यांच्या भाषेत, अर्धं इंग्रजीत. जिच्या डोक्याच्या अर्ध्याच वेण्या झाल्या होत्या, ती मान वळवून नायिकेची बाजू घेत होती आणि मागून तिला केसांना धरून सरळ केलं जात होतं. माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. त्या माझ्या पुस्तकाबद्दल बोलतच नव्हत्या. ओळखीच्या, जरा आगाऊ मैत्रिणीबद्दल बोलत होत्या. हातातले कागद मांडीवर ठेवून मी ऐकत राहिले. इतका आनंद मला छापलेली पहिली कथा बघतानाही झाला नव्हता.

पुस्तक यंदा निघालं, एका लहान प्रकाशकाकडून. ती सध्या चाकणच्या एका कंपनीत इंटर्नशिप करते आणि कंपनीच्या बसमध्ये वाचते. देवनागरी ती बसवरच्या पाट्या वाचून शिकली, त्यामुळे वेग फार नाही. अडलं की व्हॉइस मेसेज पाठवते. परवाच्या मेसेजमध्ये मागे बसचा आवाज होता आणि ती म्हणत होती, "काकू, खोलीबाहेर काढलं तरी घरमालकिणीला हिने इतक्या लवकर माफ का केलं? मला पटलेलं नाही. रविवारी येते, तेव्हा बोलू."

मी तिला कळवलं, ये, मलाही आता ते पटत नाहीये.