बाकी खुशाल

सौदीतल्या राबिघच्या आमच्या कॅम्पात नसरुद्दीनभाई क्रेन चालवत. दापोलीकडचे, शाळा उर्दूतली, मराठी लिहिता-वाचता येत नसे. समुद्रापलीकडे लढाई पेटली तेव्हा तिथल्या सैन्याने गलबतं अडवून खलाशी कोंडले. त्यांत अकराजण कोकणातले. तिथलं रेडिओ केंद्र रोज असरच्या नमाजाच्या सुमारास, दुपार कलताना, कैद्यांना आपापल्या भाषेत दोन-चार वाक्यं बोलू देई. भाई ड्युटीवरून येत आणि हातही न धुता रेडिओला कान लावून बसत. ऐकलेलं ते मला सांगत, मी मराठीत पत्र लिहून कैद्याच्या गावी पाठवत असे. हे काम आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

"राजाभाऊ, तो बोलला तेवढंच लिहा," एवढीच त्यांची अट.

हर्णैच्या शारीकचा आवाज एकदाच लागला. "पाय सुजलाय. शुगरच्या गोळ्या संपल्या. मालकाला सांगा, गलबताचे कागद लगेच पाठव, म्हणजे सोडतील." मी तसंच लिहिलं आणि खाली सवयीने 'बाकी खुशाल' लिहून पाकीट चिकटवलं. बावीस वर्षं माझी सगळी पत्रं तशीच संपत आली होती. आमच्याकडे उन्हाने भोवळ येऊन पडलेला माणूसही संध्याकाळी घरी तेच लिहितो.

महिन्याने शारीकच्या आईचं, हफीजाबींचं उत्तर आलं. मी भाईंना वाचून दाखवलं. 'पाय सुजल्याचं ऐकून घाबरले होते. खाली खुशाल आहे कळलं, तेव्हा जीव थाऱ्यावर आला. पत्र मालकाकडे नेलं. तो म्हणाला, खुशाल आहे ना, मग घाई कसली? पत्र त्याने ठेवून घेतलं.'

भाईंनी ते पुन्हा वाचायला लावलं.

"खुशाल कोण बोललं?"

"मीच लिहिलं. सवयीने."

"सवय तुमची, पाय त्याचा."

"भाई, आई आहे ती. उगाच काळजी..."

"काळजी करावी म्हणूनच निरोप दिला त्याने. क्रेन बंद असताना रिपोर्टात चालू लिहाल काय?"



त्याच आठवड्यात सौदीकरणात, म्हणजे परदेशी काढून सौदी माणसं घेण्याच्या नियमात, भाईंची जागा गेली. अठरा वर्षं काढलेल्या माणसाला ऑफिसातल्या पोराने खुर्चीतून न उठता सांगितलं, "खलास. आठ दिवसांत एक्झिट." माझं डोकं फिरलं. भाई सही करून बाहेर आले. सगळा राग त्यांनी त्या मालकासाठी राखून ठेवला होता. थोडा माझ्यासाठीही.

"दुसरं पत्र लिहून देतो," मी म्हणालो.

"नको. तोंडी नेतो."

जाताना रेडिओ त्यांनी मला दिला नाही, मेसमधल्या सिराजुद्दीनला दिला. मुंबईत उतरून सामानासकट आधी हर्णै गाठलं, स्वतःचं घर नंतर.

तीन महिन्यांनी त्यांचं उर्दू पत्र आलं. सिराजुद्दीनने वाचलं:

'हफीजाबी आणि मी मालकाच्या ओट्यावर चार दिवस बसलो. आम्ही हललो नाही, तेव्हा त्याने कागद पाठवले. शारीक परत आला. उजव्या पायाची दोन बोटं कापावी लागली. डॉक्टर म्हणाला, महिनाभर आधी आला असता तर वाचली असती. तुमचं पत्र मालकाकडून काढून घेतलंय. माझ्यापाशी आहे. परत मागू नका.'

"पुढे? बाकी...?" मी विचारलं.

"पुढे सही आहे," सिराजुद्दीन म्हणाला.