फिल्टरची सिगारेट

कसबा बावड्यातला चन्नाप्पा फौंड्रीत भट्टीवर राबायचा आणि मिसरूड फुटल्यापासून बिडी ओढायचा. अकरावीतल्या मुलाच्या, सोमेशच्या खिशात सिगारेट सापडली, तेव्हा त्यानं पोराला पट्ट्यानं फोडून काढलं. पोरगं रडत म्हणालं, "अप्पा, तुमी जलमभर ओढताय, तुमाला काय झालंय?" चन्नाप्पाचा हात थांबला. आपल्या धडधाकट छातीचा त्याला मनातून अभिमान वाटला.

पुढच्या वर्षी त्याचा घसा बसला तो बसलाच. कॅन्सर निघाला आणि डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं. गळ्याला भोक राहिलं, आवाज कायमचा गेला. आता तरी पोरगं भिईल, एवढाच दिलासा धरून तो घरी आला. सोमेश गळ्यात पडून रडलाही.

आठवड्याभरातच घरामागच्या गोठ्याआडून धूर निघताना दिसला. चन्नाप्पा भिंतीला धरत तिथवर गेला. सोमेश दचकला, पण त्यानं सिगारेट टाकली नाही.

"तुमचं बिडीमुळं झालं, अप्पा," तो समजावत म्हणाला. "हिला फिल्टर हाय. आन् मी कवाबी सोडतो की."

त्याच्या वयात आपणही 'कवाबी सोडतो' असंच म्हणायचो, एवढं चन्नाप्पाला सांगायचं होतं. त्यानं तोंड उघडलं. गळ्याच्या भोकातून नुसती हवा सुटली. सोमेशनं तोंड फिरवून झुरका मारला.