पोटभर जेवून जिंकलेला सामना

तंजावूर स्टेशनावर अम्मानं माझ्या तळहातावर दही घातलं तेव्हा गाडी हलायला लागली होती. मी एका हातानं दांडी धरलेली, दुसरा हात तोंडाशी, आणि दही कोपरापर्यंत ओघळलेलं. अप्पा जिल्ह्याच्या खजिना कचेरीत नोकरीला होते. त्यांना घाईत केलेलं काहीच आवडत नसे, माझं हे जाणं तर मुळीच नाही. ते छत्री बगलेत धरून गाडीबरोबर चार पावलं चालले आणि म्हणाले, "किट्टू, चेंडूमागें जातोस, जा. पण परीक्षेचें वय सरायच्या आंत परत ये. बँकेंत बैस."

हे मी, अक्का, तुझ्यासाठी लिहितो आहे, आणि आपल्या गल्लीतल्या त्या सगळ्यांसाठी, जे घरीच राहिले किंवा माझ्यासारखे कुठेकुठे पांगले. बोलतो तशी आपली तंजावुरी मराठी मला लिहिता येत नाही. ही लिहायची मराठी मी गोव्यात वर्तमानपत्रातलं खेळाचं पान वाचून शिकलो. ज्यांना देवनागरी लागत नाही, त्यांना तू वाचून दाखव. इथले लोक अजूनही मला विचारतात, "राव, तुम्ही मद्राशी की मराठी?" मी म्हणतो, आधी जेवा, मग सांगतो.

मी गेलो तो गोव्यातला फुटबॉल क्लब दुसऱ्या विभागातला होता. तुम्हाला वाटायचं, गोवा म्हणजे मोठं हिरवं मैदान असेल. आमचं मैदान म्हणजे कापणी झालेलं भाताचं शेत. पहिल्या दिवशी बाकीचे नवे खेळाडू धसकटं टोचतात म्हणून कुरकुरत होते, आणि मी मात्र खुशीत होतो. पापनाशमला मामांच्या शेतात आपण अनवाणी खेळायचो, तेच हे. आमच्यातला कुणी पहाटे मासळी उतरवायचा, कुणी मोटारी धुवायचा. इनास नावाचा आमचा फॉरवर्ड सायकलवरून पाव वाटून मग सरावाला यायचा. त्याचा बाप गावचा पदेर, म्हणजे पाववाला. आमच्या शर्टांचा खर्च तोच करायचा, म्हणून आमच्या छातीवर त्याच्या बेकरीचं नाव होतं.

वरच्या विभागातला मोठा क्लब तिथून फार लांब नव्हता. जुनी माणसं सांगायची की पूर्वी त्यांच्यात आणि आमच्यात एका पायरीचा फरक होता. त्यांचे बूट नवे, आमचे शिवलेले, इतकंच. मग ती वर्षं आली. घरोघरी केबल आली, दुकानात पाणी बाटलीतून विकायला लागलं, आणि रंगीत टीव्हीच्या कंपनीनं मोठ्या क्लबच्या शर्टावर आपलं नाव घातलं. त्यांच्याकडे परदेशी खेळाडू आले, पाय चोळायला वेगळा माणूस आला, भर मे महिन्यात गवतावर पाणी फिरायला लागलं. पैसा वर गेला आणि जाताना जिना ओढून घेऊन गेला. आमचा बरा खेळाडू दिसला की ते उचलून न्यायचे आणि बाकावर बसवून ठेवायचे. मला याचा राग यायचा आणि अजूनही येतो.

अप्पांनी दिलेली मुदत संपत आली त्या उन्हाळ्यात तंजावुरात मोठी स्पर्धा भरली. आयोजकांनी मोठ्या क्लबला आमंत्रण दिलं होतं. एक संघ आयत्या वेळी गळाला आणि मी ओळखपाळख काढून आमचा क्लब आत घुसवला. चिठ्ठ्या निघाल्या, तर पहिलाच सामना मोठ्या क्लबशी. मी घरी पोचलो तेव्हा अप्पा तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, बसले होते. ते म्हणाले, "हरलास तर आतां येथेंच राहा. अर्जाची ही शेवटची खेप आहे." मी शब्द दिला. दुसरं काय बोलणार, त्यांनी इतकी वर्षं वाट पाहिली होती.

मोठा क्लब विमानानं तिरुचीला उतरला आणि तिथून गाड्यांनी येऊन वातानुकूलित हॉटेलात राहिला. आमचा अख्खा संघ आपल्या घरी. अर्धे कूडात, म्हणजे माजघरात, निजले, अर्धे तिण्णैवर, उरलेले शेजारी. आमचे कोच मिंगेल सर अम्माच्या झोपाळ्यावर झोपले आणि सकाळी पाठ धरून उठले.

सामना दुपारी चारला. सरांनी सगळ्यांना बजावलं होतं, पाव आणि केळं, बस्स. मी नावं नोंदवायला मैदानावर गेलो आणि इकडे अम्मानं पानं मांडली. केळीचं पान, सांबार, रसवांगी, अप्पळम्, तूप आणि पोळी. आता तुम्हाला ठाऊक आहे, आपल्याकडे जेवण झालं की पान स्वतःच्या बाजूला दुमडायचं. पान उघडं म्हणजे माणूस अजून भुकेला आहे. पण या पोरांना हे कोण सांगणार? ती बिचारी शहाण्यासारखी पान उघडं ठेवून हात जोडून बसली. अम्मा वाढत गेली. "पुरे" म्हटलं तरी अम्माला ते संकोचानं म्हटलेलं वाटायचं. मी परत आलो तेव्हा इनास भिंतीला टेकून डोळे मिटून बसला होता आणि त्याच्या पानावर आणखी एक पोळी पडत होती.

मी ओरडलो, "अम्मा, ह्यांना धांवायचें आहे!"

अम्मा शांतपणे म्हणाली, "मग? रित्या पोटीं धांवतील कसे?"

मिंगेल सरही तिथेच होते. त्यांचंही पान उघडंच होतं. मला वेळ उरला नव्हता, मी उभ्याउभ्या दोन घास दहीभात खाल्ला आणि मनातल्या मनात बँकेचा अर्ज भरायला लागलो.

पहिल्या अर्ध्यात आम्ही फुटबॉल खेळलो असं म्हणवत नाही. कुणाला पळताच येईना. सर ओरडले, "धांवूं नाकात, गोलापुढें रावात!" आणि दहाजण गोलापुढे भिंतीसारखे उभे राहिले. मोठा क्लब चेंडू इकडून तिकडे फिरवत होता, धावत होता, मारत होता. चेंडू कुणाच्या पोटाला लागायचा, कुणाच्या पाठीला, एकदा खांबाला. आपलं मे महिन्यातलं वेयिल तुम्हाला माहीत आहे. ते ऊन त्यांच्या डोक्यावर होतं आणि आम्ही बापडे जेवण जिरवत उभे होतो.

मध्यंतरात त्यांच्यासाठी बर्फाच्या पेटीतून रंगीत पेयाच्या बाटल्या निघाल्या. आमच्याकडे नळाचं पाणी. तेवढ्यात फाटकातून छत्री दिसली. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात पितळी पात्र. अम्मानं मोर पाठवलं होतं, मीठ, आलं आणि कढीलिंब घातलेलं ताक. अप्पा आयुष्यात पहिल्यांदा मैदानावर आले होते. त्यांनी एकेकाला पेला भरून दिला, माझ्याकडे न बघता मलाही दिला आणि सिमेंटच्या पायरीवर बसले. मला वाटलं होतं, पात्र रिकामं झालं की जातील.

दुसऱ्या अर्ध्यात पोरं हळूहळू जागी झाली. तिकडे मोठ्या क्लबचे पाय जड व्हायला लागले होते. कमरेवर हात ठेवून उभा राहिलेला त्यांचा पहिला खेळाडू मला दिसला आणि माझ्या अंगात वारं शिरलं. मी उजवीकडून सुटलो. आडव्या आलेल्या बॅकला मागे टाकलं आणि चेंडू उचलून आत दिला. इनास, सात पोळ्या खाल्लेला इनास, उडाला. डोक्यानं मारलेला चेंडू जाळीत गेला आणि छातीवर बेकरीचं नाव मिरवत तो माझ्या अंगावर येऊन पडला. मी रडत होतो, हे लपवत नाही.

शिट्टी वाजली तेव्हा एक विरुद्ध शून्य. पायरीवर बघतो तर अप्पा उभे होते आणि छत्री मिटलेली. त्या उन्हात मिटलेली छत्री.

घरी जाताना अप्पा पात्र मैदानावरच विसरले, त्यावरून अम्मानं त्यांना बोलून घेतलं. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "परीक्षा राहूं दे. उद्यां मोर किती न्यायचें, तें सांग."

पुढच्या फेरीत आम्ही पेनल्टीवर हरलो आणि मला मुळीच वाईट वाटलं नाही. नंतर आमचा क्लब एकदा वरच्या विभागात चढला, एक हंगाम टिकला आणि खाली आला. आता मीच त्याचा कोच आहे. मोठ्या क्लबचं आणि आमचं अंतर तेव्हापेक्षा कितीतरी वाढलंय. भाताच्या शेताला मात्र आम्ही कुंपण घातलं.

घर म्हणजे काय, असं मला इथे कुणी विचारलं तर मी हंगामाच्या पहिल्या सामन्याआधी त्याला जेवायला बोलावतो. फक्त आदल्या दिवशी, तेवढी अक्कल आली आहे. माझी बायको सांबार करते, मी पानं मांडतो, आणि नव्या पोरांना पान दुमडायचं असतं हे मुद्दाम सांगत नाही. वाढता वाढता मला आपला कूड दिसतो आणि त्यात उघड्या पानांपुढे हात जोडून बसलेली ती पोरं. अम्मानं त्या दिवशी कुणालाच विचारलं नव्हतं, तुम्ही कोणत्या विभागात खेळता म्हणून.