दुसऱ्या कुणाचे पाय

अमेरिकेतल्या शॉमबर्गच्या मराठी मंडळात अवधूतला ‘भूतवाला’ म्हणत, आणि त्याला ते आवडायचं. दिवसभर तो एका विमा कंपनीच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचा. उरलेला सगळा जीव बेसमेंटमध्ये. तिथे रबरी मुखवटे होते, परग्रहावरच्या यानांची मॉडेल्स होती, आणि काढणाऱ्यांनाही आता आठवत नसतील अशा सिनेमांची पोस्टर्स होती. बायको गिरिजा कपडे धुवायला खाली गेली की तीन डोळ्यांच्या एका प्राण्याच्या खांद्यावरून टॉवेल उचलून आणायची. मुलीच्या, अनिकाच्या, मैत्रिणी आल्या की ती आधी बेसमेंटचं दार ओढून घ्यायची. “इट्स जस्ट डॅड्स स्टफ,” एवढंच सांगायची.

वेड जुनंच, नागपूरचं. वडील संस्कृतचे शिक्षक. भुताखेतांची पुस्तकं त्यांच्या घरात चालण्यासारखी नव्हती, त्यामुळे अवधूत ती भूगोलाच्या पुस्तकात घालून वाचायचा. अमेरिकेत आल्यावर त्याला पहिल्यांदा कळलं की जगात आपल्यासारखे पुष्कळ आहेत. दर वर्षी विमानतळाजवळच्या एका हॉटेलात त्यांचं संमेलन भरतं, आणि तिथे पन्नाशीचे गृहस्थ अंगाला हिरवा रंग फासून लॉबीत शांतपणे कॉफी पितात. तिथून परतताना दर वेळी तो गाडीत एकटाच हसत असायचा.

पण त्याचा खरा सोबती निघाला तो दोन गल्ल्या पलीकडे. चंद्रशेखरकाका निवृत्त इंजिनिअर होते आणि उभी हयात अमेरिकेत गेलेली. मंडळाच्या गणपतीत जेवणाच्या रांगेत त्यांनी अवधूतच्या टीशर्टवरची राक्षसी मुंगी न्याहाळली आणि म्हणाले, “चित्रकारानं आठ पाय काढलेत. मुंगीला सहा असतात.” तेवढ्यावर मैत्री जमली. पुढे दर शनिवारी दुपारी काकांच्या घरी जुने सिनेमे लागायचे. प्रयोगशाळेतून सुटलेला चिखलाचा गोळा गावच्या गाव गिळायचा आणि काका डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचे. मालिनीकाकू चहा-चिवडा आणून ठेवायच्या, मिनिटभर उभ्या राहायच्या आणि “काय बघता रे हे,” म्हणत वर निघून जायच्या.

एका हिवाळ्यात काका झोपेतच गेले. मुलगा देवांग पश्चिम किनाऱ्यावरच्या बेलव्ह्यूहून आला, सगळं नीट केलं आणि आईला आपल्याकडे चल म्हणाला. काकूंनी नकार दिला. इथे माझं घर आहे, म्हणाल्या. अवधूतने शनिवारची फेरी चालू ठेवली. सिनेमा लागत नसे. तो बर्फ काढून द्यायचा, धान्याच्या पिशव्या आत आणून ठेवायचा, मग काकूंबरोबर चहा घ्यायचा.

त्याच सुमारास त्याने मराठीतून भयकथा सांगायला सुरुवात केली होती. ‘बेसमेंटमधला दिवा’ असं त्या ऑडिओ कार्यक्रमाचं नाव. स्वतः लिहायचं, स्वतः वाचायचं, दाराची करकर आणि वाऱ्याचे आवाज जोडायचे आणि इंटरनेटवर टाकायचं. ऐकणारे मोजकेच होते, त्यातले निम्मे ओळखीचे.

एका शनिवारी चहा ओतता ओतता काकू सहज बोलाव्यात तशा म्हणाल्या की दुपारी चहाच्या वेळेला ‘हे’ येतात. दिसत नाहीत. हॉलमधून चपला घासत चालल्याचा आवाज येतो, काकांचा होता अगदी तसा, आणि तो स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन थांबतो. मग त्या दोन कप चहा करतात. थोड्या वेळाने दुसरा कप सिंकमध्ये ओतून टाकतात.

“देवांगला सांगितलं तर तो मला डॉक्टरकडे नेईल,” त्या म्हणाल्या. “तुला सांगितलं, कारण तुला यातलं कळतं. तू हसणार नाहीस.”

अवधूत हसला नाही. त्याच्या अंगावर काटा आला, आणि लाजिरवाणी गोष्ट अशी की त्या काट्यात आनंद होता. इतकी वर्षं तो रबरी भुतं गोळा करत होता. हे अस्सल होतं. घरी जाताना गाडीतच त्याच्या डोक्यात पहिली वाक्यं जुळायला लागली.

त्याने काकूंची साताऱ्यातली एक बाई केली, काकांचा बँकेतला कॅशियर केला. नावं बदलली, घर बदललं. चहाचे दोन कप आणि दाराशी थांबणाऱ्या चपला मात्र तशाच ठेवल्या, कारण कथा त्यांच्यातच होती. अडचण शेवटाची होती. नुसता नवरा येतो आणि चहा घेऊन जातो, यात भीती कुठे होती? आठवडाभर विचार केल्यावर त्याला शेवट सुचला. एके दिवशी बाईच्या हातून चमचा पडतो, ती उचलायला वाकते आणि पहिल्यांदाच तिला दाराशी खाली काहीतरी दिसतं. चपला नवऱ्याच्याच असतात. पाय दुसऱ्या कुणाचे असतात.

गिरिजाने मसुदा वाचला.

“हे मालिनीकाकूंचं आहे ना?”

तो म्हणाला की नावं बदलली आहेत, कुणाला कळायचं नाही.

“त्यांना कळेल,” गिरिजा म्हणाली.

“त्या कुठे ऐकतात असलं काही?”

गिरिजाने कागद परत दिला. तिने पुढे वाद घातला नाही आणि त्याने ती संमती धरली. तशी ती नव्हती, हे त्याला तेव्हाही ठाऊक होतं.

कथा गाजली. पुण्याहून, दुबईहून, सिडनीहून लोकांनी कळवलं की आम्ही दुपारचा चहा सोडला. कुणी तिचे तुकडे करून पुढे पाठवले. संमेलनातल्या मंडळींच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी त्याला ती इंग्रजीतून सांगायला बोलावलं. शेवटच्या वाक्याला भरलेल्या दालनात कुणीतरी दचकून श्वास ओढला, आणि मग टाळ्या. हिरव्या रंगातले एक गृहस्थ येऊन त्याचा हात दोन्ही हातांत धरून उभे राहिले. अवधूतला वाटलं, आज काका हवे होते. आणि त्याच क्षणी लक्षात आलं, काका असते तर ही कथाच नसती.

त्यानंतरचे दोन शनिवार त्याने काही ना काही कारण काढून टाळले. तिसऱ्या शनिवारी गेला तेव्हा लख्ख दुपार होती, तरी काकूंच्या हॉलमधले सगळे दिवे लागलेले होते. टीव्ही मोठ्याने चालू होता आणि त्या भिंतीला पाठ टेकून बसल्या होत्या. त्यांनी चहा केला नाही. फ्रिजमधला ज्यूस पुढे ठेवला. अवधूतला एका शब्दाचीही गरज उरली नाही.

“ऐकली मी तुझी गोष्ट,” काकू म्हणाल्या. “छान सांगतोस. आवाज चांगला आहे तुझा.”

तो माफी मागायला लागला. तुमचं नाव कुठे नाही, गावसुद्धा बदललंय, असं काहीबाही बोलत गेला. काकूंनी ते ऐकून घेतलं.

“त्याचं मला काही वाटलं नाही,” त्या म्हणाल्या. “मला एवढंच सांग, शेवट कुठून आणलास?”

“रचला, काकू. मनानं रचला.”

“का?”

“गोष्टीला शेवट लागतो म्हणून.”

काकू म्हणाल्या, “मी कधी वळून बघितलं नव्हतं रे. बघायची गरजच नव्हती. आता आवाज आला की मनात येतं, खाली बघावं का. आणि बघवत नाही.”

अवधूतने त्यांना समजावलं की ते सगळं खोटं आहे. दुसरा भाग करतो म्हणाला, त्यात ते पाय नवऱ्याचेच निघतील, बाईचा गैरसमज दूर होईल. बोलता बोलताच त्याला स्वतःची शिसारी आली.

“नको,” काकू म्हणाल्या. “आता नवीन काही रचू नकोस.”

त्याच संध्याकाळी त्याने ती कथा काढून टाकली. पण लोकांनी उतरवून घेतलेल्या प्रती फिरतच राहिल्या. एकाने तिच्यावर चित्रं घालून व्हिडिओ केला होता, आणि त्यातली बाई काकूंसारखी अजिबात दिसत नव्हती. अवधूतने तो शेवटपर्यंत पाहिला. आपल्याला एवढं तरी सोसायला हवं, असं त्याला वाटत होतं. बेसमेंटमधून वर आल्यावर त्याने गिरिजाला सगळं सांगितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं की काकूंना काही दिवस आपल्याकडे आणायचं का. तो दुसऱ्या दिवशी विचारायला गेला. काकू म्हणाल्या, तुझ्या घरी खाली ती सगळी तोंडं टांगलेली आहेत. आणि थोडंसं हसल्या. त्याच्या समाधानासाठी हसल्या, हे त्याला कळलं.

वसंतात काकूंनी घर विकायला काढलं आणि देवांगकडे जायचं ठरवलं. जिने झेपत नाहीत, असं त्यांनी देवांगला सांगितलं आणि मंडळातल्या सगळ्यांनाही. अवधूतने सामान बांधायला मदत केली. काकांच्या सिनेमांच्या पेट्या काकूंनी त्याला देऊ केल्या. त्याने घेतल्या नाहीत. लायब्ररीत देऊन येतो म्हणाला आणि खरोखरच दिल्या. विमानतळावर काकूंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. तो मागे फिरून गाडीत बसला.

‘बेसमेंटमधला दिवा’ बंद पडला. लोक विचारायचे तेव्हा ऑफिसचं काम वाढलंय, असं तो सांगायचा. मुखवटे होते तिथेच राहिले. ते उतरवून काही फिटणार नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्याची आवडही गेली नव्हती. नवा भयपट आला की तो अजून एकटा जाऊन बघायचा. फक्त थिएटरातले लोक एकदम किंचाळले की त्याला मनात कुठेतरी चोरट्यासारखं व्हायचं.

पुढच्या वर्षी कामानिमित्त त्याला बेलव्ह्यूला जावं लागलं. देवांगने आग्रहाने जेवायला बोलावलं. काकू आता बऱ्या दिसत होत्या. घरात गाणी चालू होती, नातू ऋषी खाली गालिच्यावर रंगाचे खडू पसरून बसला होता, आणि काकूंनी साबुदाण्याची खिचडी आवर्जून स्वतः केली होती. त्यांनी अनिकाची चौकशी केली, गिरिजासाठी लोणच्याची बरणी बांधून दिली. चपलांचा विषय त्यांनी काढला नाही. इथे ऐकू येतात का, हे विचारण्याचा अवधूतला धीर झाला नाही. येत असतील तर ते त्याचं पाप होतं, येत नसतील तर तेही त्याचंच होतं.

निघताना देवांग त्याला हॉटेलवर सोडायला आला. गाडीत मोकळेपणाने म्हणाला, “यार, तुझा तो शो का बंद केलास? आय वॉज अ बिग फॅन. बाबा गेल्यावर आई एकटी पडली होती ना, तर मी तिला म्हटलं, अवधूतच्या स्टोरीज ऐक, टाइमपास होईल. ती चपलांची मीच पाठवली तिला. बेस्ट होती ती. मग अचानक डिलीट केलीस.”

अवधूतला उमगलं, काकूंनी मुलाला काही सांगितलं नव्हतं. वर्षभर, एकाच घरात राहून. आता एक वाक्य बोललं की हे ओझं अर्धं होणार होतं. ते अर्धं कुणाच्या अंगावर पडेल हे त्याला समोर दिसत होतं. देवांग उत्तराची वाट बघत सिग्नलला थांबला होता.

“शेवट चुकला होता माझा,” अवधूत म्हणाला.

“छे रे, शेवटच तर भारी होता,” देवांग म्हणाला, आणि सिग्नल सुटला.