मोटारीच्या पोटातलं कार्ड

आमच्या बोअरच्या जुन्या मोटारीचा स्टार्टर लिंबाला ठोकलेल्या पेटीत असायचा. जळाला की केजहून नवा आणायचा, पेटी उघडून बसवायचा, की पाणी चालू. सोलरच्या नव्या मोटारीला चालवणारं इलेक्ट्रॉनिक कार्ड मात्र तिच्या पोटातच. वळवात वीज कडाडली आणि ते उडालं. तळहाताएवढ्या कार्डासाठी सगळी भावकी गोळा करून आम्ही बोअरमधले पाइप वर ओढले, हातांची सालटी निघाली. मोटार वर आली. शाफ्ट बोटानं फिरवला तर लोण्यासारखा फिरला. कार्ड मात्र काळ्या रसायनात गाडून दगड केलेलं. मिस्त्रीची छिन्नी बोथट झाली, पण ते काही सुटेना.

कंपनीला फोन लावला. तिकडून उत्तर आलं, "कार्ड सुटं मिळत नाही. मोटारच बदला."

"कावून? मोटार तर चांगली हाय!"

"डिझाइनच तसं आहे, सर."

असलं डिझाइन करणाऱ्याला एकदा आमच्या बोअरवर पाइप ओढायला आणा. येईल तेव्हा त्याला मोटारही दाखवीन. कडब्याच्या गंजीवरची ताडपत्री उडू नये म्हणून तिच्या टोकाला वजन म्हणून बांधलीय, धडधाकट मोटार.