रिकामा सरता

हे मी आजवर कोणालेच सांगितलं नाही — नवऱ्याले नाही, लेकाले तर नाहीच. आता शहरात, महाल भागातल्या लेकाच्या घरी बसून तुम्हाले पहिल्यांदा सांगून राहिली.

उमरेडकडं आमचं वावर. युरियाची गोणी तेव्हा गावात यायची होती. ज्वारीच्या ओळी, अन् मधात एक ओळ तुरीची — भाकर होई, वरण होई, अन् तुरीचा पाला गळून जमिनीले खत मिळे. ज्वारी तिफणीतून पडायची. तुरीसाठी मागं एक बांबूची नळी बांधत, सरता म्हणतात तिले. बाईनं तो धरून चालायचं, ओटीतलं बी सोडत जायचं.

त्या दिवशी मी अन् माझी थोरली जाऊ — बाई म्हणत असे मी तिले — आलटून-पालटून सरता धरत होतो. तिले लेकरू नव्हतं. मी पोटुशी. दुपारी मले भोवळ आली. सांगायचं ना मग? नाही सांगितलं — सासू कामचुकार म्हणेल, याची धास्ती. रिकामाच सरता ओढत गेली, अन् ओटीतलं बी धुऱ्याजवळ, वावराच्या बांधाशी, मातीत दाबून टाकलं.

पाणी पडलं. ज्वारी उगवली, धुऱ्याकडच्या तुरीच्या ओळी तेवढ्या कोऱ्या. अन् धुऱ्याले लागून? तिथं तुरीचा झुपकाच वर आला होता. उपटला मी तो, पदराखाली नेऊन म्हशीपुढं टाकला. दोन दिवसांनी पुन्हा कोंब. वाकली की वाटे, मागं कोणीतरी उभं आहे.

शेवटी सासूनं वावरात विचारलंच, "इकडचा सरता कोणं धरला होता वं?"

मी म्हटलं, "बाईनं."

काहून म्हटलं मी? भ्यायली होती — दुसरं काही नाही. वाटलं, दोन बोल बसतील तिले, संपेल. पण सासू म्हणाली, वांझोटीच्या हातचं बी उगवते का कधी? अन् जाऊ — इतक्यांदा हात बदललेले, तिले तरी काय आठवणार — तळहाताकडं पाहत म्हणाली, "माझंच असंल."

तेव्हा तोंड उघडायचं होतं. उघडलं नाही.

त्यानंतर तिले कोणी बियाण्याले हात लावू दिला नाही. मले पोरगा झाला. पाळण्यात घालायच्या दिवशी मी त्याले तिच्यापुढं धरलं, घ्या ना बाई. तिनं दोन्ही हात पदराखाली ओढून घेतले.

"नको वं," म्हणाली, "माझ्या हाताले गुण नाही."

मागच्या साली ती गेली. शेवटच्या दिवसांत मी उशाशी बसून होती, तिचा हात माझ्या हातात होता. लेक बाजूलेच होता. त्याच्यासमोर कसं सांगू, वाटलं. मग तो चहा घ्यायले बाहेर गेला — अन् तरी मी सांगितलं नाही.