एका जागची लाट

गणेशगुडीला राफ्टमध्ये बसवायच्या आधी आता गिऱ्हाइकाच्या हेल्मेटचा पट्टा दोन-दोनदा ओढून बघतात. का, ते सांगत नाहीत. गिऱ्हाईक घाबरतं. त्या पट्ट्यामागं झिलू मिराशी आहे.

झिलू कर्नाटकातल्या जोयड्याच्या डोंगरातला. पावसाळ्यात भात, उरलेले दिवस जंगलातली रोजंदारी, तिशीपर्यंत आयुष्य एवढंच. मग काळी नदीवर राफ्टिंग आलं आणि एका नेपाळी उस्तादानं त्याला कयाकमध्ये, म्हणजे एका माणसाच्या होडक्यात बसवलं. काम एकच. राफ्टच्या पुढं राहायचं आणि पाण्यात पडलेलं माणूस उचलायचं.

वरच्या धरणातनं पाणी सोडलं की नदीतल्या एका खडकाखाली एक लाट उभी राहते. समुद्राची लाट धावत येऊन फुटते. ही जागची हलत नाही, पाणी तेवढं खालनं पळतं. राफ्टची वाट बघत झिलू तिच्या पाठीवर जाऊन बसायचा, ओसरीवर पान खात बसावं तसा. बेंगळूरची पोरं शिट्ट्या मारायची. त्यातल्या एकानं त्याला मोबाईलवर हवाई बेटावरचा एक गडी दाखवला. फळीवर उभा, पाठीमागं तीन मजल्यांची लाट. झिलूनं ते दोनदा बघितलं.

"भारी हाय गडी. पर त्येची लाट दर्यानं दिलेली. माजी बटनावरची. वरनं बटन बंद केलं की माजा दर्या संपला."

जिवंत माणसं त्यानं किती काढली ते कुणी मोजलं नाही. मेलेली अकरा. कुंडात कुणी बुडालं की पोलीस त्याच्याच दारात. पाणी बंद झालं की तो डोळे मिटून उतरायचा आणि पायाच्या बोटांनी चाचपायचा. घरी आल्यावर आंघोळ झाल्याशिवाय बोलायचा नाही, म्हणून त्याची बायको, केशर, पाणी तापवून ठेवायची. केशरचा धाकटा भाऊ, महाबळेश्वर, राफ्टवर गाईड होता.

"दाजी, ह्ये मलाबी शिकवा की," तो म्हणायचा.

"मडं काडायचं काय शिकतोस रं? जित्तं काडायला शीक."

मडं काढायचं तेवढं शिकवायचं राहिलं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी राफ्ट उलटली. आठ जण पाण्यात. झिलूनं दोघांना काठाला आणलं, बाकीचे दोरीला धरून निघाले. तेवढ्यात खाली, दोन खडकांमधल्या चिंचोळ्या फटीत, त्याला लाल हेल्मेट वर-खाली होताना दिसलं. त्याला वाटलं, डोकं. तो गेला. हेल्मेटचा मालक काठावर ओणवा होऊन ओकत होता. पट्टा सुटला होता.

"दाजी, समदी हाईत! फिरा माघारी!" महाबळेश्वर ओरडला.

पाण्याच्या त्या आवाजात काय ऐकू जातंय? कयाक खाली सापडली, रिकामी.

तीन दिवस शोध चालला. रोज दोन तास पाणी बंद. अग्निशामकवाले गळ टाकायचे, आणि काठावरची माणसं एकमेकांना सांगायची, "झिलू असता तर आत्तापतोर काडला असता." पहिल्या दिवशी केशर ते ऐकून रडली. दुसऱ्या दिवशी एकाला म्हणाली, "मग बलवा की त्येला."

तो जिवंत असेल ही आशा तिनं पहिल्या संध्याकाळीच सोडली होती. तिला आता फक्त त्याचं अंग हवं होतं. अकरा घरांना त्यानं त्यांचं माणूस आणून दिलं होतं.

तिसऱ्या दिवशी धरणावरनं निरोप आला, उद्यापासून पाणी बंद होणार नाही. महाबळेश्वर कमरेला दोरी बांधून त्या फटीखालच्या कुंडात उतरला. दोरीला चार गडी आणि पाचवी केशर. दोन तास संपत आले, भोंगा वाजला. पाणी यायला दहा मिनिटं. महाबळेश्वरनं डोकं वर काढलं.

"अक्का! पायाला लागलं गं! जाकिटावानी काय तर!"

"वर ये."

"दाजीच हाईत! एकच बुडी. आणलंच म्हण."

"तुला पायानं कळतंय व्हय? कुणी शिकवलंय तुला?"

"लागलं म्हणतोय न्हवं!"

चौघं गडी तिच्या तोंडाकडं बघत राहिले. ती हो म्हणाली असती तर तो गेलाच असता.

"साकू, म्हाबळू," ती कानडीत म्हणाली. "पुरं झालं."

आणि दोरी ओढायला लागली. मग चौघांनीही ओढली. महाबळेश्वर शिव्या देत, खडकाला खरचटत वर आला. थोड्या वेळानं पाणी आलं.

ते जाकीट होतं की बुडालेला ओंडका, कधीच कळलं नाही. झिलू सापडला नाही.

जाळायला अंग नाही, म्हणून बाराव्या दिवशी दर्भाचा पुतळा केला. झिलूची चुलती रुक्मा तो वळायला बसली आणि तिनं उंची विचारली. केशरनं आपल्या डोक्याच्या वर चार बोटं धरली. "एवडं."

माणूस जळायला अख्खी दुपार जाते, म्हणून लोक तयारीनं आले होते. पुतळा पाव तासात संपला. महाबळेश्वर बहिणीकडं न बघताच निघून गेला. जोयड्याची दुपारची बस सुटायच्या आत सगळे मोकळे झाले.